शुक्रवारी दुपारी महिला केंद्रात बसायचं आहे. समुपदेशक नसलेल्या बाईने तिथे नेमकं काय करायचं?

सायंतारा (सोमवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आठ महिने झाले. आमच्या भागात एक महिला केंद्र आहे. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, पगारी माणसं तीनच, बाकी सगळं स्वयंसेविकांवर चालतं. एका मैत्रिणीबरोबर सहज गेले होते. तिथल्या ताईंनी विचारलं, "शुक्रवारी दोन ते पाच बसाल का? दोघी समुपदेशक त्या दिवशी कोर्टात आणि गृहभेटींना असतात, केंद्र बंद ठेवावं लागतं." मी हो म्हणून आले आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये.

मला समुपदेशन येत नाही, कायदा येत नाही. समोर बसून कोणी रडायला लागली तर काय करायचं? मी चुकीचं काही बोलले आणि तिने घरी जाऊन तसंच केलं तर? आणि मनातला खरा प्रश्न: आठवड्याच्या तीन तासांनी कोणाचं काय भलं होणार आहे? तुमच्यापैकी कोणी हे काम केलं असेल तर सांगा. पहिला शुक्रवार चार दिवसांवर आलाय.

कडीपत्ता (सोमवार, रात्री ९.५५)
वाचतेय. मलाही जायचं आहे, पण धीर होत नाही.

वाफाळता (सोमवार, रात्री १०.०२)
चहा करता येतो ना? मग निम्मी पात्रता झाली. माझी आई अशाच एका केंद्रात बारा वर्षं जायची. ती म्हणायची, बाई कप हातात धरते तेव्हा बोलायला लागते, कारण हातांना काम मिळतं.

अबोली_६१ (सोमवार, रात्री ११.२०)
सायंतारा, मी बावीस वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच गेले होते. आता त्याच केंद्राच्या कामात पूर्णवेळ आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आलेल्या बाईला आधी "बसा" म्हणायचं आणि पाणी द्यायचं. खुर्ची अशी ठेवायची की तिची पाठ भिंतीकडे असेल आणि दार तिला दिसेल. ऐकायला किरकोळ वाटेल, पण घरात मार खाणाऱ्या बाईला पाठीमागे दार असलं की बसवत नाही. हे आम्हाला एका बाईनेच शिकवलं. ती तीनदा खुर्ची फिरवून बसली, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

दोन वाक्यं तोंडातून जाऊ द्यायची नाहीत. एक, "इतकी वर्षं गप्प का बसलात?" आणि दुसरं, "सोडून द्या त्याला." पहिल्याने तिला वाटतं की दोष आपलाच. दुसऱ्याने तिला वाटतं की आपला निर्णय आता हीच घेणार. तिने नांदायचं की नाही, तक्रार करायची की नाही, हे तिचं तिने ठरवायचं असतं. आपण फक्त तिच्यासमोर वाटा किती आहेत ते ठेवायचं, आणि तेही समुपदेशक ठेवतील. तुमचं काम तिला पुढची वेळ देणं आणि तोवर ती सुरक्षित आहे का, एवढं विचारणं. "आज रात्री घरी जायला भीती वाटते का?" हा प्रश्न मात्र नक्की विचारा. हो म्हणाली तर लगेच समुपदेशकांना फोन. वेळ थोडा असेल तर ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन).

आणि ती रडली तर रडू द्या. पाठीवर हात ठेवण्याआधी विचारा. काहींना स्पर्श नको असतो.

आता रजिस्टर. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्या स्वयंसेविकांचा सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथेच होतो. कोण आलं, किती वाजता, काय विचारलं, काय दिसलं, एवढं चार ओळींत लिहायचंच. आमच्याकडे एक बाई शिवणक्लासची चौकशी करायला आली होती. बाकी काही बोलली नाही. त्या दिवशीच्या स्वयंसेविकेने लिहिलं होतं: "शिवणक्लासची फी विचारली. डाव्या मनगटाला प्लास्टर. फी ऐकून गेल्या." ती बाई तीन वर्षांनी पुन्हा आली, या वेळी केससाठी. नवऱ्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की आत्ता घराच्या वाटणीचा विषय निघाला म्हणून बाईने मारहाणीची गोष्ट रचली. आम्ही जुनं रजिस्टर काढलं. दवाखान्याच्या कागदावरची तारीख आणि आमची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर होतं. ते पान कोर्टात गेलं. ज्या बाईंनी ते लिहिलं त्या तोवर मुलीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांना फोन करून सांगितलं तर त्यांना ती बाई आठवेना, पण त्या फोनवर रडल्या. तुमच्या तीन तासांबद्दल तुम्ही विचारलंत ना, त्यांचेही आठवड्याचे तीनच तास होते.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ६.१५)
अबोलीताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, अपघात विभागात. "जिन्यावरून पडले", "बाथरूममध्ये पाय घसरला", "अंधारात चुकून फिनेल प्यायले" हे आम्ही रोज ऐकतो. जिन्यावरून पडलेल्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ नसतात. नवरा शेजारी उभा राहून सगळी उत्तरं देत असतो. मग आम्ही एक्स-रेच्या निमित्ताने त्याला बाहेर थांबवतो आणि दोन मिनिटांत विचारतो.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० साली 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं ते याचसाठी. बाई पोलीस ठाण्यात जाणार नाही, पण दवाखान्यात येतेच. तिथेच एका खोलीत समुपदेशक बसलेली असेल तर तिला घरी "केसपेपर काढायला गेले होते" एवढं सांगता येतं. आमच्याकडे अशी खोली नाही. मी माझ्या खिशात जवळच्या केंद्राची चिठ्ठी ठेवते. चपलेत, ब्लाउजमध्ये, कुठेही मावेल एवढी लहान.

तिठा (मंगळवार, सकाळी ९.३०)
थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. अशा केंद्रांनी घरं मोडल्याचंही पाहिलंय. माझ्या जवळच्या नात्यात सुनेने अर्ज केला, सासू-सासऱ्यांना तीन वेळा बोलावणं आलं. नवरा-बायकोचं भांडण होतं, ते आपसात मिटलं असतं. बाहेरचा माणूस मध्ये आला की गाठ पक्की होते. सेवाभावी बायकांना एकच बाजू ऐकून मत बनवायची सवय असते का?

जास्वंद (मंगळवार, सकाळी ९.५०)
तिठा, "आपसात मिटलं असतं" म्हणजे कोणी गप्प बसून मिटलं असतं?

कोर्टकचेरी (मंगळवार, दुपारी १.१०)
तिठा, तुमचा प्रश्न रास्त आहे, उत्तर देते. मी वकील आहे आणि महिन्यातून दोन शनिवार एका केंद्रात मोफत सल्ला देते. केंद्राला कोणालाही शिक्षा करायचा अधिकार नसतो. बोलावणं येतं ते पत्र असतं, समन्स नव्हे. दुसरी बाजू ऐकायलाच तर बोलावतात. आणि मी पाहिलेल्या केंद्रांत येणाऱ्या बहुतेक बायकांना घटस्फोट नको असतो, मार थांबायला हवा असतो.

सायंतारासाठी कायद्याचं जुजबी. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. तो मुळात दिवाणी आहे. त्यात संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई मागता येते. संरक्षण अधिकारी 'घरगुती घटना अहवाल' भरून देतो. बाई स्वतःही थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, म्हणून बाईला खोटी आशा लावू नका. छळाचं जुनं ४९८अ कलम १९८३ मध्ये आलं होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. ते फौजदारी. दोन्हींतला फरक बायकांना कोणी सांगत नाही.

आणि हे तर पाठच करा: कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. "वकिलाला पैसे नाहीत" म्हणून परत गेलेल्या बायका मी मोजणं सोडलंय.

मिरजमळा (मंगळवार, दुपारी ३.४५)
आमच्याकडे एका बाईला ठाण्यातून सलग चार वेळा नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवलं होतं. पाचव्या वेळी केंद्रातल्या दोघी बरोबर गेल्या. त्यातली एक मी. आम्ही काहीही बोललो नाही. फक्त बाकावर बसलो, डबा खाल्ला आणि संध्याकाळी सहा वाजेपर्यंत उठलो नाही. सहा वाजता जबाब घेतला. सोबत हे सुद्धा काम आहे, आणि त्याला पदवी लागत नाही.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)
धागा छान चाललाय. थोडं मागे जातो. ही परंपरा आपल्याकडे आजची नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह स्वतःच्या घरात चालवलं. फसवल्या गेलेल्या विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, कोणी नाव विचारणार नाही. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९ चं. या सगळ्या ठिकाणी नात्यागोत्याच्या बाहेरच्या बायका एकमेकींसाठी उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंनी त्या बायकांची बाळंतपणं केली, अंगावर घेऊन केली.

जास्वंद (मंगळवार, संध्याकाळी ७.४०)
मास्तर, अनुमोदन. अलीकडचंही लिहायला हवं. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, त्यानंतर १९८० मध्ये मुंबईत बायका एकत्र आल्या आणि बलात्कारविरोधी मंच झाला. स्त्री मुक्ती संघटना १९७५ ची. पुण्यात विद्याताई बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींचा नारी समता मंच. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष काढला, म्हणजे सामाजिक कार्यकर्त्या थेट पोलिसांच्या इमारतीत बसायला लागल्या. आज जिल्ह्याजिल्ह्यांत तसे कक्ष आहेत. हुंडाबळीच्या बातम्या रोज यायच्या त्या काळात आमच्या आईची पिढी मोर्चे काढून यायची आणि संध्याकाळी सासरी छळ होणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसायची.

बिनचूक (मंगळवार, रात्री ९.१५)
माझा आक्षेप वेगळा आहे. हे सगळं स्वयंसेवी भावनेवर किती दिवस चालवायचं? समुपदेशकाला मिळणारं मानधन पाहिलंय का? तेही अनुदान आलं तर. काम सरकारचं आणि राबायचं बायकांनी, तेही फुकट. घरात फुकट, बाहेरही फुकट. सायंतारांनी जरूर जावं, पण आपण या गोष्टीचं कौतुक करता करता सरकारला सोडून देतोय.

अबोली_६१ (मंगळवार, रात्री १०.३०)
बिनचूक, शब्दन् शब्द पटला. गेल्या वर्षी आमच्या दोघी समुपदेशकांनी पाच महिने मानधनाशिवाय काम केलं. त्यातल्या एकीने मुलाची फी भरायला गळ्यातलं गहाण ठेवलं. ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो आणि तो यायलाच हवा. आम्ही दरवर्षी निवेदन देतो, यंदा पुन्हा देणार. पण शुक्रवारी दुपारी दाराशी उभी राहिलेली बाई अनुदान येईपर्यंत थांबत नाही. दोन्ही करावं लागतं.

एडिसनकर (मंगळवार, रात्री ११.५०)
न्यू जर्सीहून लिहितेय. इथे दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५ पासून आहे. मी इथल्या अशाच एका हेल्पलाइनवर मराठी आणि हिंदीसाठी स्वयंसेविका होते. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेली मुलगी, बँकेत नाव नाही, गाडी चालवता येत नाही, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, बाहेर गुडघाभर बर्फ. फोनवर पहिली दहा मिनिटं ती इंग्रजीत बोलायची, अगदी व्यवस्थित. मी म्हटलं, "मराठीत बोला हवं तर." पलीकडे एकदम शांतता. मग तिने विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं सातारा. त्यानंतर ती दीड तास बोलली. सायंतारा, तुम्हाला तिची भाषा येते हेच खूप आहे.

कडीपत्ता (बुधवार, सकाळी ८.२०)
अवांतर विचारते. आमच्या इथल्या केंद्रात जानेवारीत हळदीकुंकू करतात. काही जणींना आवडतं, मला खटकतं. महिला केंद्रात हळदीकुंकू?

मिरजमळा (बुधवार, सकाळी ९.१०)
आमच्याकडे यावर दोन वर्षं वाद झाला होता! शेवटी आमच्यातल्या एका विधवा ताईंनी तोडगा काढला. म्हणाल्या, "मला बोलवा आणि पहिलं कुंकू मला लावा, मग बघू." लावलं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला, विधवा, परित्यक्ता, कुमारिका, सगळ्यांना. २०२२ मध्ये आमच्याच भागातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्या त्या ताईंनी केंद्रात पेढे वाटले.

जास्वंद (बुधवार, सकाळी ११.००)
आमच्या वस्तीत निम्म्या बायका मुस्लिम आहेत, त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या. म्हणून आम्ही ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला जमतो. तिळगूळ, शिरकुर्मा, ज्याच्या घरी जे झालं ते. वाण म्हणून प्रत्येकीला एक फोल्डर देतो, प्लास्टिकचं, बटणाचं. त्यात रेशनकार्ड, आधार, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स ठेवायच्या आणि फोल्डर शेजारणीकडे किंवा केंद्रात द्यायचं. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईच्या हातात कागद नसतात, त्यावरच पुढची सगळी अडवणूक होते.

वाफाळता (बुधवार, सकाळी ११.२०)
फोल्डरची कल्पना फार आवडली. शंभर फोल्डर माझ्याकडून. आणि तिळगुळासोबत शिरकुर्मा असेल तर मी वाढायलाही येतो, पुरुषांना परवानगी असेल तर.

तिठा (बुधवार, रात्री १०.१०)
काल जरा चढ्या आवाजात लिहिलं. दिवसभर सगळे प्रतिसाद वाचत होतो. एक विचारायचं आहे. माझी आत्या, वय एकाहत्तर. मुलाने घर नावावर करून घेतलं, आता जेवण वेगळं दिलंय आणि परवा हात धरून बाहेर ओट्यावर बसवलं. सुनेविरुद्ध आलेले अर्ज मी पाहिलेत, पण आईने मुलाविरुद्ध या कायद्यात जाता येतं का? तिला पोलीस नकोत. "माझाच आहे तो" म्हणते.

कोर्टकचेरी (बुधवार, रात्री १०.४०)
हो, येतं. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय, एका घरात राहणारी नात्यातली कुठलीही बाई. शिवाय ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. बक्षीसपत्राची प्रत मिळवा, त्यातली अट पाहावी लागेल. आत्यांना आधी केंद्रात घेऊन या. पोलीस नकोत तर पोलीस नकोत. मुलाला पत्र पाठवून बोलावतील, समोर बसवून बोलतील. तुम्ही तुमच्या नात्यात पाहिलंत ना तेच.

अबोली_६१ (बुधवार, रात्री १०.५५)
तिठा, आत्यांबरोबर तुम्ही जरूर या, पण बोलताना मात्र त्यांना आमच्यापाशी एकटं बसू द्या. तुमच्यासमोर त्या मुलाची बाजूच घेतील. आणि त्यांना ओट्यावर बसवलं ती तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.

तिठा (बुधवार, रात्री ११.००)
लिहिली. आभारी आहे.

सायंतारा (शुक्रवार, रात्री ८.३०)
जाऊन आले. सगळ्यांना एकत्रच सांगते.

दोन वाजता कुलूप काढलं. खुर्ची भिंतीला लावली, अबोलीताई, दार दिसेल अशी. दोन फोन आले, दोन्ही पाळणाघराच्या चौकशीचे. साडेतीनला समुपदेशक ताईंचा कोर्टातून फोन, पुढची तारीख मिळाली म्हणून. बाकी कोणी नाही. मी जुन्या फायलींवर नावं चिकटवत बसले आणि मनात म्हटलं, बघ, कोणीच आलं नाही.

पाचला वीस मिनिटं असताना एक बाई दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल. कडेवर दोन वर्षांची मुलगी. म्हणाली, "पाणी मिळेल का?" मी "बसा" म्हटलं. ती बसली. पाणी प्यायली, मुलीला पाजलं. मुलीला खाली सोडलं तर फरशी गार होती, ती लगेच पुन्हा आईला चिकटली. मी नाव विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. मग "आज घरी जायला भीती वाटते का?" एवढं विचारलं. माझा आवाज कापत होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आज नाही." दोन शब्द. जरा वेळ भिंतीवरचा हेल्पलाइनचा कागद वाचत बसली. ओठ हलत होते, नंबर पाठ करत असावी. जाताना विचारलं, "तुम्ही रोज असता का?" मी म्हटलं, शुक्रवारी असते. ती मान हलवून गेली.

मी पाच वाजता कुलूप लावायचं ते सव्वासहापर्यंत तशीच बसून राहिले. मी बरोबर केलं का? तिला थांबवायला हवं होतं का? "आज नाही" हे ऐकून मी पुढे काहीतरी बोलायला हवं होतं असं राहून राहून वाटतंय.

अबोली_६१ (शुक्रवार, रात्री ८.४५)
अगं, अगदी बरोबर केलंस. थांबवलं असतंस तर पुढच्या शुक्रवारी आली नसती. रजिस्टरमध्ये लिहिलंस का?

सायंतारा (शुक्रवार, रात्री ८.५०)
नाव माहीत नाही म्हणून लिहिलं नाही.

अबोली_६१ (शुक्रवार, रात्री ८.५२)
नावाचा रकाना कोरा ठेव. "४.४० वाजता. पाणी मागितलं. कडेवर लहान मुलगी. भीतीचं विचारलं तर 'आज नाही' म्हणाल्या. हेल्पलाइनचा कागद वाचला." एवढंच. अंगावर कुठे काही दिसलं का?

सायंतारा (शुक्रवार, रात्री ९.०५)
कानामागे. पदर सरकला तेव्हा. उद्या सकाळी किल्ली घेऊन जाते आणि लिहून येते.

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री ९.२०)
कुठला कान, तेही लिहा. आणि मुलीसाठी एक जाड चटई माझ्याकडे आहे, गुरुवारी केंद्रात आणून देते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

सायंतारा (शुक्रवार, रात्री ९.२४)
डावा. पत्ता पाठवलाय.